मोटारीचा जीव

"बसव्या, सांग त्यास्नी, शाल घ्या म्हणावं."

"बसव्या, सांग तिला, वैशाख हाय. शाल पांघरून काय भट्टीत बसू?"

"बसव्या, सांग त्यास्नी, दवाखान्यातली फरशी गार आसती."

"बसव्या, सांग तिला, दवाखान्यात खाट आसती. फरशीवर डॉक्टर निजतोय."

बसव्या हा बैल होता. तो दोघांच्या मधल्या खुंट्याला उभा राहून कडबा चावत होता. दोन्हीकडचं ऐकून घेत होता आणि कुणालाच काही सांगत नव्हता.

चनबसप्पामामा आणि शिवम्मामामी हे नवराबायको. एक घर, एक चूल, एक रांजण. पण मामी मामाशी बोलत नसे, आणि मग मामाही मामीशी बोलत नसे. काय बोलायचं ते जनावराला सांगायचं, नि दुसऱ्यानं ऐकायचं. आधी हे काम एका गाईकडं होतं. ती मेल्यावर तिच्या पोटचा बसव्या या कामाला लागला. पाटीलकी असते तशी ही वंशपरंपरेनं चालत आलेली. दोघं बोलत कानडीत, कारण घरची भाषा कानडी, आणि बसव्याला मराठी येत नसे. मी आपलं तुमच्यासाठी मराठीत सांगतो.

हे सुरू झालं ते चंद्रीपासून. चंद्रव्वा ही त्यांची एकुलती एक पोरगी. मामानं तिला भीमेपलीकडच्या एका गावात दिली. मामी तेव्हाच म्हणाली होती, "त्या गावच्या हिरीला पायऱ्या न्हाईत. उन्हाळ्यात धोंड्यांवरनं खाली उतरावं लागतं. माझ्या पोरीला खाली बघितलं की गरगरतं."

मामा म्हणाला, "सुपारी फुटली. आता हिरीला पायऱ्या न्हाईत म्हणून लगीन मोडू व्हय?"

लगीन झालं. दुसऱ्याच उन्हाळ्यात पोरगी विहिरीत उतरली. घागर दोराला बांधलेली होती, ती वर आली. पोरगी दोराला बांधलेली नव्हती.

निरोप आला तेव्हा मामी गोठ्यात होती. ती गाईकडं वळून म्हणाली, "सांग ह्यास्नी, पोरीचं त्वांड बघायचं आसंल तर चला." तिथून पुढं ते तसंच चालू राहिलं. मामानं कधी "माझी चूक झाली" म्हटलं नाही. बैलाच्या मार्फत असलं काही सांगता येत नाही. लाज वाटते. बैल ऐकत असतो.

आता मामाच्या पोटात गाठ झाली होती. अन्न राहीना, पाणी राहीना. हाडं, बरगड्या आणि तोंड एवढंच शिल्लक होतं, आणि तोंड पहिल्यासारखंच चालू होतं. म्हणून सोलापूरला सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. सोबत मी, त्याच्या बहिणीचा मुलगा, सिद्धाराम. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून तीनचार वर्षं झाली होती आणि आमच्या गावाला नुकतीच सर्विस मोटार लागली होती. सकाळी जायची, दिवेलागणीच्या आत परत यायची.

मोटार बसवण्णाच्या देवळापुढं उभी राही. डायवर हिंदुराव, माढ्याकडचा माणूस. मराठा गडी, अंगानं आडवा, आणि मोटारीबद्दल असा बोलायचा की जणू ती त्याची धाकटी बहीण होती आणि तिचं लगीन ठरत नव्हतं. मामाला आम्ही दोघांनी उचलून पुढं त्याच्या शेजारी बसवला. मागं आडवा टाकायला जागा होती, पण मामा म्हणाला, "आडवा मेल्यावर तरी मी हुणार हाय का? आमच्या लिंगायतांत बसवूनच पुरत्यात. मंग आत्ताच कशाला आडवा?"

तेवढ्यात मामी आली. हातात ताट. ताटात भस्म, तेलाची वाटी, बेलाची माळ. मामाकडं बघितलं नाही. माळ तिनं मोटारीच्या आतल्या फळीवर अडकवली, मामाच्या समोर. फळीवर एक काट्याचं घड्याळ होतं, ते माळेखाली गेलं. मग ती पुढं आली. हिंदुराव बानेट उघडून घागरीनं बंबात पाणी ओतत होता.

"डायवरदादा," मामी म्हणाली, "ह्या मोटारीचा जीव कुटं आसतोय वो?"

हिंदुरावनं वर न बघता एका डब्यासारख्या नळकांड्यावर थाप मारली. "ह्यो. डायनामा. ह्यो फिरतोय तवर मोटार हाय. ह्यो गेला की नुस्तं पत्र्याचं खोकं."

असं म्हणून तो घागर परत द्यायला गेला. मामीनं त्या डब्यावर भस्माची तीन बोटं ओढली, तेल घातलं, बराच वेळ वाकून काहीतरी केलं. आम्हाला वाटलं, नमस्कार करतेय.

"सिद्ध्या," मामा हळूच म्हणाला, "काय करतीया रं?"

"पूजा करतीया."

"कुणाची?"

"मोटारीची."

"मोटारीशी तरी बोलती का?"

"न्हाय. गप हाय."

"मंग सवय हाय मला," मामा म्हणाला.

दवाखान्यातलं फार सांगण्यासारखं नाही. डॉक्टरनं पोट दाबून विचारलं, "दुखतं का?" मामा म्हणाला, "तुमी दाबल्यावर दुखतं. नका दाबू." डॉक्टर मला बाजूला घेऊन गेला, तर मामा ओरडला, "त्याला बाजूला काय नेताय? त्याला सांगितलेलं त्यो मलाच सांगणार हाय. मधी कशाला माणूस घालताय? माझं निम्मं आयुष्य बैलाच्या मार्फत गेलं, आता मरण तरी सरळ सांगा की."

डॉक्टर भला होता. खाटेवर बसला आणि सरळ सांगितलं. घरी न्या. आजच न्या. उद्यावर टाकू नका.

शेवटी सोबत आणलेली शाल मामानं अंगावर ओढून घेतली. मग म्हणाला, "सिद्ध्या, मला घरी जित्ता पोचीव."

"पोचीवतो की मामा."

"नुस्ता पोचवून उपेग न्हाय. बोलता पोचीव. तिच्याशी बोलायचं हाय. बैलाबिगर."

"काय बोलायचं?"

"ते तुला कशाला? तू बैल हायस का?"

पण मला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. बसव्यालासुद्धा ठाऊक असणार.

दुपार कलताना मोटार सोलापुरातून निघाली. मागच्या बाकांवर पाच-सहा माणसं आणि एक बजाबाई. बजाबाईच्या मांडीवर पाटी, पाटीत कोंबडा, कोंबड्यावर फडकं. ऊन असं की रस्त्याकडेच्या लिंबाची सावलीसुद्धा अंग चोरून बसलेली. दोन्ही बाजूंना काळं रान भेगाळून पडलं होतं. एकेका भेगेत हात गेला असता. वारं गरम, धूळ गरम, मोटारीचा पत्रा गरम. मामा मात्र शालीत गुंडाळलेला, कुडकुडत.

"बसव्याला सांगायला पायजे," तो म्हणाला, "शालीचं तिचं खरं व्हतं."

कुंभारी मागं पडली. पुढं रस्त्यात शेरडांचा कळप आला. हिंदुरावनं भोंगा दाबला. भोंगा एरवी अर्ध्या तालुक्याला ऐकू जायचा. आज त्यातून शेरडासारखाच आवाज आला, आणि दोन शेरडांनी त्याला उत्तर दिलं.

"ह्याला काय झालं?" हिंदुराव म्हणाला.

"उपाशी आसंल," बजाबाई मागून म्हणाली.

वळसंग गेलं. तिथून थोडं पुढं मोटारीला उचकी लागली. एक, दोन, मग खोकला. मोटार खोकत खोकत अशा जागी येऊन थांबली की जिथं झाड नाही, घर नाही, विहीर नाही. नुसता एक मैलाचा दगड होता, आणि त्याच्यावरचे आकडेही पुसलेले.

हिंदुराव उतरला. बानेट उघडलं. पेट्रोलच्या टाकीत काडी बुडवून बघितली, ती अर्धी ओली झाली. पेट्रोल होतं. नळी फुंकून बघितली, नळी मोकळी होती. मग हँडल घातलं आणि आम्ही आळीपाळीनं फिरवलं. हँडल फिरायचं, इंजिन फुस्स करायचं. माझ्या पाठीला घामाचा पाट लागला.

"तांदूळ कांडताय का काय?" मामा आतून ओरडला. "जोर लावा की!"

"मामा, तुमी बोलू नका, दम साठवा," मी म्हणालो.

"साठवून कुणाला दिऊ? तुला?"

हिंदुरावनं पायाखालची फळी काढली. फळीखाली बॅटरी. तारेचा तुकडा तिच्या दोन टोकांना लावून बघितला. ठिणगी पडली, पण तिच्यावर विडीसुद्धा पेटली नसती.

"बॅट्री मेलीया," तो म्हणाला. "सकाळी तर धडधाकट व्हती."

"सकाळी मी बी चालत मोटारीपतोर आलतो," मामा म्हणाला.

"आलता कुटं? आमी उचलून आनलं."

"ते तुमची हौस."

हिंदुराव डोकं खाजवत आत आला आणि त्याची नजर बेलाच्या माळेवर गेली. त्यानं ती हलकेच उचलली. देवाची वस्तू म्हणून सकाळपासून त्यानं तिला हात लावला नव्हता. माळेखालचं घड्याळ दिसलं. "ह्यो काटा बघा," तो मला म्हणाला. "मोटार चालती तवा डायनामा बॅट्रीला वीज पाजतोय. काटा उजव्या अंगाला झुकला म्हंजी पाजतोय. डाव्या अंगाला गेला म्हंजी बॅट्री आपल्या पदरचं खर्चतीया. सकाळधरनं ह्यो डावीकडंच आसनार, आनि मी आपला देवाच्या माळंकडं बघून गाडी हाकतोय."

तो परत पुढं गेला. डायनामाचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, ताठ होता. मग डायनामावर तळहात ठेवला आणि तसाच राहिला.

"गार!" तो म्हणाला. "एवढी वाट तुडवली आनि ह्यो गार? ह्यानं आज कामच केलं न्हाय. नुस्ता गरगर फिरला."

"आमच्याकडं असल्याला लोकलबोर्डात निवडून देत्यात," मामा म्हणाला.

डायनामाच्या बुडाला एक खिडकी असते. तिच्यावर पत्र्याची पट्टी असायला पाहिजे. हिंदुरावच्या पट्टीचा इस्क्रू कधीच पडला होता, म्हणून त्यानं ती सुतळीनं बांधली होती. आता तो ती सुतळी न्याहाळत होता.

"ही गाठ माझी न्हवं," तो म्हणाला. "मी बैलाची गाठ मारतो. ही गाडग्याच्या फडक्याची गाठ हाय. बाईमाणसाची."

सगळी माणसं बजाबाईकडं बघायला लागली.

"माझ्याकडं काय बघताय, मुडद्यांनो?" ती म्हणाली. "माझ्या हातात सकाळधरनं कोंबडा हाय."

हिंदुरावनं गाठ सोडली, पट्टी सरकवली, दोन बोटं आत घातली. आधी राख आली. मूठभर. तेलात भिजून तिचा चिखल झाला होता. त्यामागून एक चिंधी निघाली. हिरवी, लाल काठाची, चावून चोथा केल्यासारखी. कुणीतरी भस्माची पुरचुंडी बांधून थेट आत सारली होती. डायनामानं ती फोडली, आणि भस्म आणि तेल आतल्या तांब्याच्या चक्रीवर बसलं. त्या चक्रीला दोन कार्बन घासत असतात, तिथून वीज बाहेर येते. आता कार्बन आणि चक्री यांच्यामध्ये देवाचं भस्म होतं. मग कशी येणार?

हिंदुराव लाल झाला. "कुनी घातलं हे? कुना भवानीला माझी मोटार घावली? हात तोडून..."

"हिंदुराव," मामा म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण हिंदुराव थांबला. "ते हिकडं आन."

मी चिंधी नेऊन मामाच्या हातात दिली. त्यानं ती गुडघ्यावर पसरली. अंगठ्यानं तेल पुसलं, काठ बघितला, परत पुसलं.

"ह्यो चंद्रीचा खण," तो म्हणाला.

मी वाकून काठ बघितला.

"लग्नातला. पहिल्या माहेरपणाला आली तवा शिवायचा म्हणून ठिवून गेली. पेटीच्या तळाला व्हता. एकदा मी नुस्ता हात लावला, तर तुझी मामी दोन दिस जेवली न्हाय. बसव्याला सुदीक काय बोलली न्हाय." मामा थांबला. दम घेतला. "आनि आज तिनं त्यो फाडला."

"मोटारीसाटी?" मागून कुणीतरी विचारलं.

"मोटार तिच्या बापाची हाय का?" मामा एकदम ओरडला आणि त्याला खोकला लागला. खोकला थांबल्यावर तो हळू म्हणाला, "सिद्ध्या, माझ्यासाटी फाडला रं. मी माघारी यावा म्हणून. चंद्रीच्या कापडात बांधून घातलं."

"व्हय मामा."

"म्हंजी बोललीच की ती. आनि मधी बैल न्हवता."

तो हसायला लागला. हाडांच्या माणसाला हसताना बघवत नाही. हिंदुराव पान्हा हातात घेऊन उभा होता. त्याची मोटार बंद पडली होती, परतायची वेळ टळत चालली होती, आणि समोरचा माणूस मोटार बिघडली म्हणून आनंदानं हसत होता. काय करावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि चक्री पुसायला बसला.

पुसून राख गेली, पण काळा थर राहिला. "घासाय पायजे," तो म्हणाला. "काचकागद सोलापुरात ऱ्हायला. कुनाकडं काड्याची पेटी हाय?"

पेटी बजाबाईकडं होती. मशेरी भाजायची. पेटीच्या कडेला जिथं काडी ओढतात तो खरखरीत भाग हिंदुरावला हवा होता.

"आनि मी मशेरी कशावर भाजू?" बजाबाई म्हणाली.

"आजी, एका जीवाचा प्रश्न हाय."

"मशेरीबिगर माझा बी जीवच जातोय."

"बजाबाई," मामा आतून म्हणाला, "दे गं. वर गेलो की तुझ्या म्हाताऱ्याला सांगतो, लई गुणाची हाय म्हणून."

"नको नको, काय सांगू नगा त्यास्नी," बजाबाई घाईघाईनं म्हणाली, "मी हितं हाय हेच कळू दिऊ नगा," आणि पेटी देऊन टाकली.

काड्या तेवढ्या तिनं पदरात बांधून घेतल्या. हिंदुरावनं कडा फाडून चक्रीवर धरली, मी पट्टा हातानं ओढून डायनामा फिरवला. काळ्याचं लाल झालं. तांबं चमकायला लागलं. कार्बन त्यानं विडीच्या पानासारखे उलटसुलट करून पुसले आणि जागेवर बसवले.

"डायनामा जिता झाला," तो म्हणाला. "पर इंजान चालल्याबिगर त्यो वीज करनार न्हाय, आनि बॅट्रीत वीज असल्याबिगर इंजान चालनार न्हाय."

"म्हंजी आमच्या घरासारखंच," मामा म्हणाला. "आधी कुनी बोलायचं?"

हिंदुराव म्हणाला, बॅट्रीला थोडं पडू द्यावं. पडून राहिली की ती वाइच जीव धरते, एखाद-दुसरी ठिणगी देते. तेवढ्यात मोटार जोरात ढकलून पळवली तर साधेल. पण इथं चढ होता. चढाच्या माथ्यावर नेली तर पलीकडं उतार. मोटार जड, माणसं पाच-सहा, त्यातली तीन भुकेली.

सूर्य खाली आला होता. मामाचे ओठ निळसर झाले होते. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. बिरदेव नावाचा धनगर, कडबा घेऊन चालला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हाताऱ्याला माझ्या गाडीत टाका. सकाळपतोर पोचीवतो."

मी मामाकडं बघितलं.

"सकाळ माझ्याकडं न्हाय," मामा म्हणाला. "तुझी बैलं दे. मोटारीला जुप."

"माझी बैलं मोटारीला भित्यात."

"बंद हाय ती."

बिरदेवनं विचार केला. "बंद आसंल तर मंग त्यो गाडाच की," तो म्हणाला, आणि बैलं सोडली.

पुढच्या दांडीला दोर बांधला, बैलं जुंपली. हिंदुराव स्टेरिंगवर बसला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बंबाच्या तोंडापुढं दोन शेपट्या हलत होत्या. तो म्हणाला, "ह्या रस्त्यावर मला वळकत्यात लोक."

"मामा," मग तो वळून म्हणाला, "मी गिअर बघू का काटा बघू? तुमी काट्यावर ध्यान द्या. उजवीकडं गेला की वरडा."

मामानं शाल सारखी केली. खणाचा तुकडा मुठीत धरला. ताठ बसला आणि काट्यावर डोळे लावले. जन्मात पहिल्यांदा सरकारी नेमणूक झाल्यासारखा.

बैलांनी ओढलं, आम्ही ढकललं, बजाबाईसुद्धा एका हातानं पाटी धरून दुसऱ्या हातानं मडगार्ड ढकलत होती. माथा आला. बैलं सोडली. मोटार स्वतःच पळायला लागली, आम्ही मागं. उताराच्या निम्म्यावर हिंदुरावनं गिअर टाकला. मोटारीला हिसका बसला. खोकली. परत खोकली. मग एकदम गरजली, आणि बिरदेवची बैलं दोर घेऊन रानात पसार झाली.

"आला!" मामाचा आवाज आला. "उजवीकडं आला! सिद्ध्या, पाजतोय रं, पाजतोय!"

तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की बजाबाईच्या कोंबड्यानं बांग दिली.

आम्ही पळत पळत चढलो. बिरदेव बैलांच्या मागं पळत होता आणि आमच्या आयांचा उद्धार करत होता. त्याचे आभार मानायचेही राहून गेले.

मग हिंदुराव हाकतच सुटला. खड्डा म्हटला नाही, धोंडा म्हटला नाही. दिवस बुडत चालला होता. "दिवे न्हाय लावनार," तो म्हणाला. "दिवे लावले तर पाजलेलं सगळं दिवेच पितील. उजेड हाय तवर पोचाय पायजे." आभाळ तांबडं होतं, धूळ तांबडी होती. बोरी नदीची कोरडी वाळू ओलांडली. पलीकडं गावाचं शिवार सुरू होतं.

"मामा, काटा?" हिंदुराव विचारायचा.

"हाय. उजवीकडं हाय."

थोड्या वेळानं परत, "मामा, काटा?"

"हाय."

मी मागून मामाच्या खांद्यावर हात ठेवून बसलो होतो. तो पुटपुटत होता. काय म्हणायचं त्याची घोकणी चालली होती. कानडीत. एकदा म्हणायचा, मग नको म्हणायचा, दुसरं घ्यायचा. एकदा तर सुरुवात "बसव्या" अशी झाली, तेव्हा स्वतःच थांबला आणि जीभ चावली. शेवटी दोनच शब्द राहिले. नन्नदे तप्पु. माझीच चूक. ते तो म्हणत राहिला.

आमच्या मळ्याचा बांध लागला.

"मामा, काटा?"

मामा काट्याकडं बघत होता.

"मामा, काटा कुटं हाय?"

मी खांद्यावरचा हात मानेवर नेला. मग तो तिथंच ठेवला.

हिंदुरावनं माझ्याकडं बघितलं. मग काट्याकडं बघितलं. काटा चांगला उजवीकडं होता.

"हिंदुराव," मी म्हणालो, "आता सावकाश घ्या."

त्यानं पाय हलका केला. मोटार बैलगाडीच्या चालीनं चालायला लागली. मागं बजाबाईनं कोंबड्याच्या तोंडावर फडकं ओढलं.

देवळापुढं मामी उभी होती. दुपारपासून उभी असणार. शेजारी बसव्या. त्याला तिनं घरून सोडून आणला होता, कारण त्याच्याशिवाय ती नवऱ्याशी बोलणार कशी? बैलाच्या शिंगांना तेल लावलेलं होतं.

मोटार थांबली. मामा आत ताठ बसलेला, शाल पांघरून, डोळे उघडे. अंधुक उजेडात माणूस जागा आहे की नाही ते कळत नाही. मामी मोटारीजवळ आली. तिनं आधी माळेकडं बघितलं, मग त्याच्याकडं. पदर सारखा केला. मग बसव्याकडं न वळता ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "इळीरी. मने बंतु."

उतरा. घर आलं.

आम्ही कुणीच हललो नाही. मोटारीचं इंजिन चालू होतं. ते बंद करायचं हिंदुरावला सुचलं नाही.

मामीनं वाट बघितली. मग परत म्हणाली, जरा मोठ्यानं, "इळीरी." तरी तो उतरेना. तेव्हा तिला वाटलं असावं की नवरा अजून रागात आहे. इतक्या वर्षांनी बाई आधी बोलली, तर पुरुष थोडा अडून बसणारच. ती बसव्याकडं वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बसव्या, सांग की रं त्यास्नी. घर आलं म्हणावं."

बसव्यानं काही सांगितलं नाही.

मी उतरलो. मामाची मूठ सोडवायला गेलो, ती सुटली नाही. मामीनं बोटांतून बाहेर आलेला हिरवा काठ बघितला, आणि मग तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी मामाला मळ्यात पुरला. आमच्या रीतीप्रमाणं बसवून. तो बसलेलाच होता, नवीन काही करावं लागलं नाही. मूठ तशीच राहू दिली.

परत आल्यावर मामी हिंदुरावला म्हणाली, "डायवरदादा, येळ लई झाला म्हणं वाटंत."

हिंदुरावनं माझ्याकडं बघितलं. "पंक्चर झालतं, अव्वा," तो म्हणाला.

"तरी बरं," मामी म्हणाली. "म्या जीवात भस्म घातलं व्हतं, म्हणून घरापतोर तरी आली."

"व्हय अव्वा. त्येच्यामुळंच आली."

हिंदुरावनं त्याच दिवशी पट्टीला इस्क्रू बसवला, दोन. आणि मामी परत ताट घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं, की मोटारीचा जीव एका जागी राहत नाही, आता तो पुढच्या मडगार्डात आला आहे. मामीनं विश्वास ठेवला. तेव्हापासून ती रोज सकाळी मडगार्डावर भस्माची तीन बोटं ओढते. मग पुढच्या रिकाम्या बाकाकडं बघत नाही, मडगार्डाकडं बघते, आणि म्हणते, "सांग त्यास्नी, आज हुलगं काढलं." किंवा, "सांग त्यास्नी, बसव्याच्या खुराला फोड आलाय."

हिंदुराव हँडल हातात धरून उभा राहतो. तिचं बोलून झाल्याशिवाय मोटार चालू करत नाही.